पडदा भरला, माणसं फुगली

मा. संपादक,

महोदय,

टीव्हीवर जुना मराठी चित्रपट लागला की बैलगाडीची चाकं लंबगोल दिसतात, ढोलकी आडवी फुगते आणि सडपातळ नायिका एकदम धष्टपुष्ट होते. घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही, कारण पडदा कडेपर्यंत भरलेला असतो. उलट कोणी रिमोट घेऊन चित्र मूळ आकारात आणलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, की लगेच ‘टीव्ही बिघडला का?’ म्हणून विचारणा होते. बिघाड आधीच्या चित्रात होता. तो सेटिंगचा असतो, आणि हे सेटिंग तीन ठिकाणी असतं: टीव्हीत, सेटटॉप बॉक्समध्ये आणि खुद्द वाहिनीच्या केंद्रात. लॅपटॉप किंवा अँड्रॉइड बॉक्स लावून कोडी, व्हीएलसी यांसारख्या सॉफ्टवेअरवर टीव्ही पाहणाऱ्यांसाठी चौथं ठिकाण. एकाने चित्र ताणलं आणि दुसऱ्याने ते ‘सुधारलं’, की गोंधळ होतो. तो सोडवण्याची रीत वाचकांना कळावी म्हणून हे पत्र.

आधी थोडं गणित. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं तेव्हाचा टीव्ही ४:३ चा, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच होता, आणि पुढची कित्येक वर्षं तसाच राहिला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे चित्रपटही जवळपास त्याच चौकटीतले. आजचा टीव्ही १६:९ चा. ४:३ चं चित्र त्यावर ताणून भरलं की रुंदी एक तृतीयांशाने वाढते. १२ सेंटिमीटर उंचीचं चाक १६ सेंटिमीटर रुंद होतं. ताणलं नाही तर ४३ इंची टीव्हीच्या साधारण ९५ सेंटिमीटर रुंदीपैकी ७१ सेंटिमीटरवर चित्र बसतं आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी १२ सेंटिमीटर काळं राहतं. उरला झूम, म्हणजे चित्र सगळीकडून सारखं मोठं करून पडदा भरणं. त्यात आकार बिघडत नाही, पण वरून साडेबारा टक्के आणि खालून साडेबारा टक्के चित्र कापलं जातं. वर फेटा जातो, खाली श्रेयनामावली. ताणा, कापा किंवा पट्ट्या ठेवा, याखेरीज वेगळा उपाय नाही. रिमोटवर जी डझनभर नावं दिसतात ती याच तिघांची कमीअधिक मिसळ. उदाहरणार्थ १४:९ झूम म्हणजे वर-खाली सात-सात टक्के कापायचं आणि बाजूला सहा-सहा टक्के काळं ठेवायचं. तडजोड म्हणून वाईट नाही.

खरं तर १६:९ हा आकार आधी कुठल्याच चित्रपटाचा नव्हता. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एसएमपीटीई या तंत्रज्ञांच्या संस्थेत कर्न्स पॉवर्स यांनी जुन्या टीव्हीचा १.३३ (रुंदी भागिले उंची) आणि सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या चित्रपटांचा २.३५ यांच्या मधोमध बसणारा आकार सुचवला, तो हा. मधला असल्यामुळे त्याच्यावर जुनं चित्र लावलं की बाजूला पट्ट्या आणि सिनेमास्कोप लावला की वर-खाली पट्ट्या, हे ठरलेलंच. आजचे बरेचसे मोठे चित्रपट २.३९ च्या चौकटीत असतात. फुल एचडीच्या १०८० ओळींपैकी ते सुमारे ८०४ ओळी वापरतात, म्हणजे वर आणि खाली १३८-१३८ ओळी काळ्या. या पट्ट्या झूम करून घालवल्या तर रुंदीचा चौथा हिस्सा जातो, आणि संवाद म्हणणाऱ्या दोघांपैकी एक पडद्याबाहेर उभा राहतो.

आता निदान. त्यासाठी शिवणाची टेप पुरते. पडद्यावर समोरून दिसणारं घड्याळ, वाहिनीचं गोल बोधचिन्ह किंवा सपाट काढलेल्या तिरंग्यातलं अशोकचक्र आलं की चित्र थांबवा, रुंदी आणि उंची मोजा, रुंदीला उंचीने भागा. उत्तर १ आलं तर सगळं ठीक. १.३३ आलं तर ४:३ चं चित्र ताणलं गेलंय. ०.७५ आलं तर उलटं झालंय: १६:९ चं चित्र ४:३ मध्ये कोंबलंय, आणि माणसं अगरबत्तीसारखी उभट दिसत असतील. मात्र बोधचिन्ह वाहिनी मागाहून चित्रावर चढवते. ते गोल आणि चित्रपटातलं चाक मात्र लंबगोल असेल, तर तुमच्या घरातली सेटिंग्ज बरोबर आहेत आणि चित्र वाहिनीनेच ताणलंय. दोन्ही लंबगोल असतील तर दोष बॉक्समध्ये किंवा टीव्हीत शोधायचा.

सुरुवात बॉक्सपासून करावी. मेनूत ‘डिस्प्ले’ किंवा ‘व्हिडिओ’ या नावाखाली दोन गोष्टी असतात: टीव्हीचा आकार आणि रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ओळी-ठिपक्यांची संख्या. आकारात ‘४:३ लेटरबॉक्स’ (वर-खाली पट्ट्या लावून), ‘४:३ पॅन अँड स्कॅन’ (बाजू कापून) आणि ‘१६:९’ असे पर्याय दिसतात. हा प्रश्न कार्यक्रमाचा आकार विचारत नसून भिंतीवरच्या टीव्हीचा आकार विचारतो. निम्मे लोक इथेच चुकतात. सपाट टीव्ही असेल तर उत्तर कायम १६:९. जुन्या बॉक्सवर ते ४:३ लेटरबॉक्स राहून गेलेलं असतं. मग बॉक्स १६:९ च्या वाहिनीला वर-खाली पट्ट्या लावून ४:३ करतो, आणि टीव्ही ते सगळं पट्ट्यांसकट रुंदीत ताणतो. वर-खाली पट्ट्या आणि शिवाय फुगलेले चेहरे, हे दोन्ही एकत्र दिसलं की हमखास हाच दोष. त्यावर टीव्हीचा झूम लावला तर आकार सुधारल्यासारखा दिसतो, पण साध्या (एचडी नसलेल्या) वाहिनीच्या ५७६ ओळींपैकी फक्त ४३२ ओळीच चित्राला मिळालेल्या असतात आणि त्या १०८० ओळींच्या पडद्यावर अडीचपट फुगवल्या जातात. चित्र धुरकट येतं आणि दोष केबलवाल्याला दिला जातो.

रिझोल्यूशनची गंमत वेगळी आहे. ५७६ ओळींच्या संकेतात ४:३ आणि १६:९ दोन्ही चित्रांना ७२० बाय ५७६ ठिपकेच असतात. ते कोणत्या आकारात उलगडायचे हे सोबतची एक छोटी खूण सांगते. एचडीएमआय केबलवरून ही खूण टीव्हीपर्यंत पोहोचते, पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलवरून सहसा नाही. म्हणून त्या जुन्या केबलवर आकार हाताने बदलत बसावं लागतं. शक्य असेल तर केबल बदला आणि बॉक्सचं रिझोल्यूशन १०८० करा. १०८० चा संकेत नेहमी १६:९ च असतो. ४:३ चा कार्यक्रम आला तर बाजूच्या काळ्या पट्ट्या बॉक्स स्वतः घालून देतो. पण त्यानंतर टीव्हीवर ४:३ निवडायचं नाही. निवडलं तर पट्ट्यांसकट पूर्ण चौकट पुन्हा आवळली जाते आणि मधलं चित्र उभट होतं. याला अपवाद एकच: वाहिनीनेच ताणून पाठवलेलं चित्र. तिथे टीव्हीचा ४:३ हाच उतारा, आणि कार्यक्रम संपला की तो काढून टाकायचा.

टीव्हीत पर्यायांची नावं कंपनीप्रमाणे, आणि एकाच कंपनीत मॉडेलप्रमाणेही, बदलतात. सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हीवर सेटिंग्ज, पिक्चर, पिक्चर साइझ सेटिंग्ज असा रस्ता आहे. तिथे ‘१६:९ स्टँडर्ड’ ठेवून ‘फिट टू स्क्रीन’ चालू करावं. एलजीवर ‘आस्पेक्ट रेशो’ (रुंदी-उंचीचं प्रमाण) मध्ये १६:९ आणि त्याच्या जोडीचं ‘जस्ट स्कॅन’. सोनीवर ‘वाइड मोड’ला ‘फुल’ आणि ‘डिस्प्ले एरिया’ला ‘फुल पिक्सेल’. सोनीचं ‘ऑटो वाइड’ बंद ठेवलेलं बरं. ते चालू असेल तर टीव्ही स्वतःच्या अंदाजाने आकार बदलतो, आणि जाहिरात संपून चित्रपट सुरू झाला की चित्र मधूनच उडी मारतं.

‘फिट टू स्क्रीन’, ‘जस्ट स्कॅन’ आणि ‘फुल पिक्सेल’ ही एकाच कामाची तीन नावं: ओव्हरस्कॅन बंद करणं. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्या आणि डळमळत्या येत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. सपाट टीव्हीला त्याची गरज नाही, तरी सवय टिकून आहे. १९२० बाय १०८० चं चित्र पाच टक्क्यांनी कापलं की १८२४ बाय १०२६ उरतं, आणि तेच ओढून पुन्हा पडद्याएवढं केलं जातं. परिणाम दोन: बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जाते, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्यात मिसळून अक्षरं मऊ पडतात. क्रिकेटच्या धावफलकाचा कोपरा दिसत नसेल तर झूमच्या नादी न लागता आधी हे पाहावं. लॅपटॉप जोडल्यावर टास्कबार पडद्याबाहेर जातो त्याचंही कारण बहुधा हेच. काही जुन्या सॅमसंग टीव्हीवर त्या एचडीएमआय जागेचं नाव बदलून ‘पीसी’ ठेवलं की ओव्हरस्कॅन जातो. आणखी एक लक्षात असू द्या: बहुतेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआय जागेसाठी हे सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात, त्यामुळे बॉक्सची केबल दुसऱ्या भोकात घातली की जुना दोष परत येतो. टीव्हीच्या आतल्या ॲपमध्ये हा पर्याय बऱ्याचदा पुसट होऊन दाबलाच जात नाही. तिथे आकार ॲप ठरवतं.

‘वाइड झूम’, ‘पॅनोरमा’, ‘स्मार्ट’ अशा नावांच्या पर्यायांबद्दल मत स्पष्टच सांगतो: टाळा. यात मधला भाग जवळपास बरोबर ठेवून फक्त कडा ताणतात. वृत्तनिवेदक मधोमध बसलेला असेपर्यंत खपून जातं. कॅमेरा आडवा फिरला की मात्र सगळं दृश्य रबरासारखं वाकतं, आणि कडेने आत येणारा माणूस चालता चालता बारीक होतो.

सॉफ्टवेअरवर पाहणाऱ्यांच्या हातात जास्त हत्यारं आहेत, म्हणून चुकाही जास्त. व्हीएलसीमध्ये ‘ए’ कळ आकार बदलते आणि ‘सी’ कळ कापते. हा फरक नीट समजून घ्यावा. ‘ए’ दाबून १६:९ केलं तर चित्र ताणलं जातं, ‘सी’ दाबून १६:९ केलं तर वर-खाली कापलं जातं. लंबगोल चाक ‘ए’ने सुधारतं, फायलीतच भाजलेल्या, म्हणजे चित्राचाच भाग झालेल्या पट्ट्या ‘सी’ने जातात. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की पाच मिनिटं कळा दाबूनही काही जमत नाही. शेवटी ‘डीफॉल्ट’ येईपर्यंत ‘ए’ दाबत राहावं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी.

कोडीमध्ये चित्र चालू असताना ‘झेड’ कळ व्ह्यू मोड बदलते: नॉर्मल, झूम, ४:३ ताण, वाइड झूम, १६:९ ताण, मूळ आकार वगैरे. नॉर्मल सोडून बाकी सगळं अपवादासाठी. खरी ताकद आहे ती चित्राच्या सेटिंगमधल्या ‘झूम अमाउंट’, ‘व्हर्टिकल शिफ्ट’ आणि ‘पिक्सेल रेशो’ (ठिपक्याची रुंदी भागिले उंची) या तीन सरकपट्ट्यांत. वाहिनीने ताणलेल्या जुन्या चित्रपटाला पिक्सेल रेशो ०.७५ द्यायचा. उभट झालेल्या चित्राला १.३३. चारही बाजूंनी काळं आणि मध्ये टपाल तिकिटाएवढं चित्र दिसत असेल तर कोणीतरी १६:९ चं चित्र पट्ट्या लावून ४:३ केलंय आणि दुसऱ्याने तेच पुन्हा पट्ट्या लावून १६:९ केलंय. झूम अमाउंट १.३३ केला की ते नेमकं कडेला भिडतं. व्हीएलसीत हेच काम ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मधल्या क्रॉपमध्ये आकडे टाकून करता येतं: १९२० बाय १०८० च्या फायलीत डावी-उजवीकडून २४० आणि वर-खालून १३५, १२८० बाय ७२० असेल तर १६० आणि ९०. झूममुळे खालची उपशीर्षकं कापली जात असतील तर व्हर्टिकल शिफ्टने चित्र जरा वर सरकवायचं. आणि एका चित्रपटासाठी केलेला बदल ‘सर्व व्हिडिओंसाठी डीफॉल्ट’ म्हणून चुकूनही जतन करू नये. कोडीत ‘सगळंच बिघडलं’ अशी जी ओरड असते, तिच्यामागे बहुतेक वेळा हे एकच बटण असतं.

कोडीची सिस्टिम, डिस्प्लेमधली ‘व्हिडिओ कॅलिब्रेशन’ची सोय फारशी कोणी उघडत नाही. पडद्याचे दोन कोपरे जुळवल्यावर शेवटी एक चौकोन येतो. तो टेपने मोजून दोन्हीकडून सारखा करायचा. पण त्याआधी टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद केलेला हवा. नाहीतर टीव्हीची चूक कोडीत उलटी भरून काढली जाते, आणि पुढे टीव्ही बदलला की दोन चुका समोरासमोर येतात.

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटींचं डिजिटल रूपांतर करून घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण ते काम एकदाच होतं आणि कॅसेट दिवसेंदिवस खराब होते. कॅसेटवरचं चित्र ४:३ चं. त्याची ७२० बाय ५७६ ची फाइल आकाराची खूण न लावता दिली तर संगणक ठिपके चौरस धरतो आणि चित्र १.२५ चं, म्हणजे सहा टक्के बारीक दिसतं. हे चटकन लक्षात येत नाही, पण वरात जरा जास्तच सडसडीत वाटते. दुसरी आणि मोठी चूक म्हणजे ‘फुल एचडी करून देतो’ म्हणत तीच फाइल १९२० बाय १०८० मध्ये ताणून भरणं. दुकानदाराला स्पष्ट सांगा: ४:३ च ठेवा, ७६८ बाय ५७६ किंवा १४४० बाय १०८०, चौरस ठिपके, पट्ट्या भाजू नका. पट्ट्या लागतील तिथे प्लेयर आपल्या आपण घालतो. ताणलेली फाइल आधीच हातात आली असेल तर ती पुन्हा रूपांतरित करू नये, दर्जा आणखी घसरतो. एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फायलीत दाखवण्याचा आकार शीर्षभागात वेगळा लिहिलेला असतो. एमकेव्हीटूलनिक्ससारख्या साधनाने तेवढाच आकडा बदलला की चित्राला धक्का न लावता काम होतं.

मोबाइलवर दोन बोटांनी चित्र फाकवणं हाही झूमच. २०:९ च्या फोनवर १६:९ चा कार्यक्रम असा भरला की उंचीचा पाचवा हिस्सा कापला जातो.

सार्वजनिक कार्यक्रमांत तर याहून वाईट अवस्था असते. सभा, लग्न, गणेशोत्सवाचा मांडव, कुठेही पाहा, १२ बाय ८ फुटांची एलईडी भिंत उभी असते. तिचा आकार ३:२. कॅमेऱ्याचं चित्र १६:९. भिंतीला चित्र पुरवणाऱ्या प्रोसेसरमध्ये ‘फुल’ ठेवलं की वक्ता पंधरा-सोळा टक्के बारीक होतो. वक्ते बहुधा तक्रार करत नाहीत, ते सोडा. १२ फूट रुंदीला १६:९ साठी ६ फूट ९ इंच उंची लागते. उरलेला सव्वा फूट काळा ठेवा, किंवा तिथे मंडळाचं नाव लावा. प्रोजेक्टर असेल तर तो पडद्याच्या मध्यरेषेसमोर ठेवावा. कडेला ठेवून कीस्टोनने (तिरकी चौकट सरळ करण्याची सोय) चौकट सरळ केली तर ती सरळ दिसते, पण त्यात ठिपके वाया जातात आणि उंची-रुंदीचं प्रमाणही ढळू शकतं.

काळ्या पट्ट्यांमुळे टीव्ही खराब होतो का, हा प्रश्न नेहमी येतो. साध्या एलईडी टीव्हीला काही होत नाही. ओएलईडी आणि जुन्या प्लाझ्माला, रोज तासन्‌तास फक्त ४:३ चं चित्र लावलं तर मधला भाग कडेपेक्षा जास्त झिजू शकतो. आठवड्यातून एखादा जुना चित्रपट पाहणाऱ्याने ही काळजी करू नये.

शेवटी वाहिन्यांना आणि जुने चित्रपट, नाटकं, मालिका इंटरनेटवर चढवणाऱ्यांना विनंती. प्रेक्षक घरी काळ्या पट्ट्या नको असतील तर एका बटणावर चित्र ताणू शकतो. पण तुम्ही वरचा-खालचा भाग कापून पाठवलात, तर तो कोणत्याही बटणाने परत येत नाही. नृत्याच्या दृश्यात पाय कापले गेले की उरतं काय? ४:३ चा कार्यक्रम एचडी वाहिनीवर दाखवताना बाजूच्या पट्ट्या काळ्या ठेवा. त्यात हलती नक्षी, फिरती बोधचिन्हं आणि जाहिराती भरल्या की डोळा चित्रावर ठरत नाही. साध्या वाहिनीवर संकेतासोबतची आकाराची खूण कार्यक्रमागणिक बरोबर बदला. यूट्यूबवर चढवताना पट्ट्या भाजू नका, मूळ ४:३ चीच फाइल द्या. प्लेयर ज्याच्या-त्याच्या पडद्याप्रमाणे ती बसवतो. चढवण्याआधी चित्रपटातलं एखादं चाक किंवा घड्याळ थांबवून त्याची उंची-रुंदी मोजा. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

आपला,
एक दूरचित्रवाणी तंत्रज्ञ, सांगली